ठोकळ्यांतलं डिझेल इंजिन रुळावर कसं आणावं

लेगोचं इंजिन बांधायला घेतलं की हात आधी बॉडीकडे जातो. नाक, केबिन, खिडक्या सगळं मनासारखं जमतं आणि मग मोटर कुठे मावेल याची शोधाशोध सुरू होते. तेव्हा निम्मं इंजिन उकलावं लागतं. म्हणून हा लेख उलट्या क्रमाने लिहिला आहे: आधी मापं, मग बोगी (म्हणजे डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा फिरता सांगाडा) आणि सगळ्यात शेवटी बॉडी.

इंजिन कुठलं निवडायचं? मी पुण्यात घोरपडीच्या डिझेल शेडजवळ वाढलो, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं होतं: भारतीय रेल्वेचं डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन. मिरजेच्या मार्गावर विजेच्या तारा येईपर्यंत डिझेलचंच राज्य होतं. यातली पहिली इंजिनं १९६२ मध्ये अमेरिकेच्या आल्को कंपनीकडून आली आणि १९६४ पासून ती वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. १६ सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. पण ठोकळ्यांत हे इंजिन बांधायचं खरं कारण वेगळंच आहे, आणि ते आकड्यांत दडलेलं आहे.

आधी कागद-पेन्सिल

लेगोच्या दोन रुळांमधलं आतलं अंतर सुमारे ३७.५ मिमी असतं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा. भागाकार केला की प्रमाण येतं १:४४.७. आता डब्ल्यूडीएम-२ ची रुंदी, २८६४ मिमी, याच प्रमाणात आणा: ६४ मिमी. ठोकळ्यावरचा एक स्टड, म्हणजे एका गोल उंचवट्याची जागा, ८ मिमीची, म्हणजे बरोबर आठ स्टड! लांबी १७.१२ मीटर, म्हणजे ३८३ मिमी, म्हणजे ४८ स्टड. मी हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा पुन्हा पुन्हा तपासून पाहिला. परदेशातल्या मंडळींची गाडी १४३५ मिमीच्या गेजवर धावते. रुळाशी प्रमाण जुळवलं तर त्यांचं तीन मीटर रुंद इंजिन जवळजवळ दहा स्टडचं होतं, आणि आठ स्टडमध्ये बसवायचं तर तडजोड करावी लागते. आपल्याला इथे तडजोड लागत नाही.

उंची ४.१८५ मीटर, म्हणजे रुळाच्या माथ्यापासून छतापर्यंत साधारण ९३.५ मिमी. एक वीट ९.६ मिमीची आणि एक प्लेट ३.२ मिमीची, त्यामुळे पावणेदहा विटा होतात. विटांऐवजी प्लेटांत मोजलंत तर चूक कमी होते.

ही मापं स्टुडिओसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नुसत्या चौकटीच्या रूपात टाका. तपशील आत्ताच भरू नका. हव्या त्या रंगात तो ठोकळा खरंच मिळतो का, तेवढं मात्र तिथेच तपासून घ्या. गडद लाल रंगातला एखादा उतरता ठोकळा कधी बनलाच नव्हता, हे निम्मं इंजिन झाल्यावर कळलं तर फार जिवावर येतं.

बोगी: इथे वेळ घालवा

लेगोच्या वळणाचे १६ तुकडे जोडले की पूर्ण वर्तुळ होतं आणि त्याची त्रिज्या ४० स्टड, म्हणजे ३२० मिमी असते. खऱ्या ब्रॉडगेजवर प्रमाणाने इतकं तीव्र वळण नसतं. माझ्या इंजिनात दोन बोग्यांच्या मध्यबिंदूंत २८ स्टड आहेत. अशा वळणावर प्रत्येक बोगी सुमारे २० अंश फिरते आणि इंजिनाचं पोट सुमारे २० मिमी आतल्या बाजूला सरकतं. यातून दोन गोष्टी ठरतात. बोग्यांमधली डिझेलची टाकी कोपऱ्यांत छाटून घ्यावी लागते. आणि फलाट किंवा सिग्नल रुळाला चिकटवून ठेवता येत नाहीत.

डब्ल्यूडीएम-२ च्या बोगीला तीन आस असतात आणि त्यांच्यातली अंतरं सारखी नसतात. हे बारकाईने दाखवलंत तर जाणकार लगेच ओळखतो. तीन आस ताठ बसवले तर बोगी वळणावर अडते, म्हणून मधला आस आडवा थोडा सरकेल असा ढिला ठेवा. त्याच्यावर भार नको. प्रमाणाप्रमाणे चाक २४ मिमीचं हवं आणि लेगोचं नेहमीचं चाक सुमारे १७ मिमीचं असतं. ही तफावत बोगीच्या बाजूच्या पट्ट्या थोड्या खाली आणून झाकता येते.

मोटरसाठी दोन रस्ते आहेत. तयार ट्रेन मोटर बोगीच्या जागी बसते आणि पहिल्या इंजिनाला तीच घ्या. दुसऱ्या रस्त्यात मोटर हुडमध्ये (केबिनपुढच्या लांब पेटीत) आडवी ठेवतात आणि पिव्हटच्या, म्हणजे बोगी ज्याभोवती फिरते त्या बिंदूच्या, बरोबर मधून उभा आस खाली बोगीत नेतात. मी हाच रस्ता धरला आणि तीन आठवडे अडकलो.

इंजिन सरळ रुळावरसुद्धा घसरायचं. मी रूळ बदलले, चाकं बदलली. शेवटी शेजारी बसून पाहणारी भाची म्हणाली, "मामा, पुढे जाऊ दे नाहीतर मागे, हे बाल्कनीच्याच बाजूला पडतंय." इंजिन उचलून उलट्या तोंडाने ठेवलं, तर ते स्वयंपाकघराच्या बाजूला पडू लागलं. म्हणजे दोष रुळात नव्हता, इंजिनात होता. उभा आस फिरताना बोगीलाही पिळत होता. वेग कमी करणारी गिअरजोडी मी वर, मोटरजवळ बसवली होती, त्यामुळे सगळा वाढलेला जोर त्या आसातून खाली यायचा. मग वर १२ आणि १२ दात्यांचे गिअर लावले आणि १२ व २० ची जोडी खाली बोगीत नेली. उभ्या आसातला पीळ ४० टक्क्यांनी कमी झाला आणि घसरणं थांबलं.

एक काळजी घ्या. २० दात्यांचा गिअर थेट चाकाच्या आसावर बसवू नका. तो चाकापेक्षा मोठा असतो आणि खाली स्लीपरला लागायची भीती असते. तो वरच्या आडव्या आसावर ठेवा आणि तिथून १६ व १६ च्या जोडीने चाकापर्यंत फिरणं पोचवा.

वजन आणि वीज

चाक जागच्या जागी फिरत असेल तर आधी वजन पाहा. बॅटरीचा हब (बॅटऱ्यांची पेटी) ओढणाऱ्या बोगीच्या डोक्यावर बसवा. हब चार स्टड रुंद आहे, त्यामुळे सहा स्टडच्या हुडमध्ये तो मावतो आणि दोन्ही बाजूंना चालायची वाट उरते. चाकांवर रबरी रिंगा घाला. त्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, पण चाक सोबत नेऊन मोजूनच घ्या. साध्या सहा बॅटऱ्या मिळून ९ व्होल्ट देतात, चार्ज होणाऱ्या ७.२. वेगातला फरक डोळ्यांना दिसतो. केबिनच्या दिव्यासाठी एलईडी हवा असेल तर पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत एक चक्कर मारा.

बॉडी आणि चाचणी

बॉडीबद्दल फार सांगत नाही, फोटो समोर ठेवला की हात आपोआप चालतो. फक्त कपलिंग (डबा जोडायची कडी) आणि रुळालगतचं पुढचं जाळीचं गार्ड बोगीला जोडा, बॉडीला नको. नाहीतर उलटसुलट वळणांवर पहिलाच डबा ओढून पाडला जातो. हुडचं छत एका हाताने निघेल असं ठेवा.

चाचणीच्या आधी मोटर सोडवून इंजिन हाताने ढकला. ते सहज घरंगळायला हवं. अडत असेल तर आसावरचे बुश (आस जागेवर धरणाऱ्या छोट्या कड्या) फार दाबले गेले असतील. बुश आणि बीम (आस ज्यातून जातो ती भोकांची पट्टी) यांच्यात वहीचा कागद सरकेल इतकी फट सोडा. मग इंग्रजी एस अक्षराच्या आकाराची वळणं मांडून आधी एकटं इंजिन चालवा, नंतर एकेक डबा वाढवत जा. एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा.

वीस फेऱ्या न घसरता झाल्या की केबिनवर शेडचं नाव लावायचं. "पुणे" ही दोन अक्षरं स्टिकरच्या कागदावर छापून घ्या. स्टिकर एकाच ठोकळ्यावर मावेल एवढाच कापा. तो सांध्यावर आला तर बॅटरी बदलताना फाटेल.