लिस्बनला 'नाही' म्हणणारे एकाच माळेचे मणी नव्हेत

एम.ए.च्या प्रबंधासाठी 'युरोपीय एकात्मीकरणाला विरोध' हा विषय घेताय? मास्ट्रिक्ट, नीस, लिस्बन हा युरोपीय संघाच्या करारांचा क्रम ठाऊक आहे असं धरून लिहिते.

सापळा एकच, आणि त्यात मीही पुरती अडकले होते: 'युरोपविरोधी' नावाचा रकाना. 2005 मध्ये फ्रान्सने सार्वमतात युरोपीय राज्यघटना नाकारली, 2008 मध्ये आयर्लंडने तसाच लिस्बन करार. दोन्ही एकाच रकान्यात कोंबलेत की प्रबंध तिथेच बसला. फ्रान्समध्ये डाव्यांना बाजाराला मोकळं रान मिळेल ही धास्ती होती, तर उजव्यांना सार्वभौमत्वाची. आयर्लंडच्या 53.4 टक्के नकारात तटस्थता, कंपन्यांवरचा कर, गर्भपात आणि युरोपीय आयोगातली (संघाचा कारभार चालवणाऱ्या आयुक्तांच्या मंडळातली) जागा असे निरनिराळे आक्षेप मिसळले होते.

यातला शेवटचा आक्षेप मूळ कलम उघडूनच वाचा. लिस्बनने दुरुस्त केलेल्या युरोपीय संघाच्या कराराचं कलम 17(5) म्हणतं, 1 नोव्हेंबर 2014 पासून आयुक्त सदस्य देशांच्या दोन तृतीयांश इतकेच. म्हणजे काही देशांना आयुक्तच नाही! पण त्याच वाक्यात पुढे सोय आहे: देशप्रमुखांच्या युरोपीय परिषदेने एकमताने वेगळं ठरवलं तर आकडा बदलतो. 'प्रत्येक देशाला एक आयुक्त' हे आश्वासन आयर्लंडला याच सोयीतून मिळालं, करारातला शब्दही न बदलता. मग 2009 मध्ये पुन्हा सार्वमत झालं आणि 67.1 टक्के होकार आला. 'हवं ते उत्तर येईपर्यंत मतदान घेतात' ही तक्रार अगदीच निराधार नाही, पण मधल्या वर्षातल्या वाटाघाटी आणि आर्थिक संकट न वाचता ती लिहाल तर तोंडी परीक्षेत सोलून काढतील.

झेरॉक्सवाल्याकडच्या नोट्समध्ये यातलं काही नसतं. मार्गदर्शक निवडायची मुभा असेल तर कायद्याचा माणूस धरा. राज्यशास्त्रवाले विरोधाच्या लाटा मोजतात, कलम क्वचितच उघडतात. (माझं मत, भांडू नका.)

कराराची भाषा बघून धीर सोडू नका. लिस्बनचा मूळ मसुदा म्हणजे नुसत्या दुरुस्त्यांची यादी, ती कुणालाच कळत नाही. दुरुस्त्या मूळ करारांत मिसळलेली एकत्रित आवृत्ती घ्या, महिन्याभरात हात बसतो.

ताजं हवं असेल तर मे 2022 मधलं संघातल्या 13 देशांचं छोटं निवेदन घ्या. करारबदलाची घाई नको, असं त्यात म्हटलंय. सह्या करणाऱ्यांत फिनलंड आणि एस्टोनियाही आहेत. त्यांना कुठल्या रकान्यात टाकणार?