गाडी फिरत नसली तरी ऑइल वर्षाला बदला

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये निम्म्या गाड्या कव्हर घालून उभ्या असतात. मुलगा अमेरिकेत, गाडी पुण्यात कोथरूडमध्ये. माझीही जवळपास तशीच. वनाजहून मेट्रो सुरू झाल्यापासून डेक्कन-शिवाजीनगरला गाडी न्यायची मी सोडूनच दिली. तिथे पार्किंग शोधत बसायला मला वेळ नाही. वर्षाला जेमतेम दोन-अडीच हजार किलोमीटर होतात. तरी दरवर्षी ऑइल बदलते, म्हणून शेजारचे काका हमखास टोकतात, "वहिनी, दहा हजार झालेच नाहीत. पैसे वर आलेत का?"

काका, मॅन्युअल काढा. बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये "१०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, जे आधी होईल ते" अशा अर्थाची ओळ असते. आकडा थोडा इकडेतिकडे असेल. लोक किलोमीटर वाचतात आणि मॅन्युअल मिटतात. कमी चालणाऱ्या गाडीला महिन्यांचाच हिशोब लागू. वर्षात पाचशे किलोमीटर झाले असोत नाहीतर पाच हजार, ऑइल आणि फिल्टर वर्षातून एकदा बदलायचे. गाडी वॉरंटीत असेल तर बिल जपून ठेवा.

काकांचं म्हणणं, सीलबंद डब्यातलं ऑइल वर्षानुवर्षं टिकतं, मग इंजिनातलं का नाही? डब्यात पेट्रोल जळत नाही, म्हणून. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. थंडीत सकाळी सायलेन्सरच्या तोंडाशी थेंब गळतात ते हेच. पण थोडी वाफ आणि न जळलेलं थोडं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. इंजिन नीट तापलं तर तेही उडून जातं. कोथरूड डेपोहून कर्वे पुतळ्यापर्यंत भाजीला जाऊन आलात तर इंजिन तापायच्या आतच बंद होतं आणि पाणी आतच राहतं. त्यातून आम्लं तयार होतात. ती मारायला आणि गंज रोखायला ऑइलमध्ये जी द्रव्यं घातलेली असतात, ती हळूहळू संपतात. फुल्ली सिंथेटिक महाग असलं तरी पाणी त्यातही उतरतंच, त्यामुळे "दोन वर्षं बघायला नको" म्हणणाऱ्या विक्रेत्याचं ऐकू नका.

रोज सकाळी पार्किंगमध्ये पाच मिनिटं गाडी स्टार्ट करून ठेवणाऱ्यांना तर हात जोडून सांगते, नका करू. आत पाणी साठवण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही, शिवाय वरच्या मजल्यांवर धूर. त्यापेक्षा आठवड्याने-पंधरवड्याने एक सलग फेरी मारा. मी रविवारी सकाळी लवकर चांदणी चौकातून भूगावमार्गे पिरंगुटपर्यंत जाऊन येते. टेंपरेचरचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट तापलं. ऑइल तापायला त्याहून वेळ लागतो. म्हणून अर्धा-पाऊण तास तरी गाडी चालती हवी.

महिन्यातून एकदा बॉनेट उघडायचं. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. डिपस्टिक काढून फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. काळं दिसलं म्हणून घाबरू नका, मळ धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. पण टॉप-अप न करता पातळी चढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर वर्ष व्हायची वाट न बघता बदला. मग ऑइल भरायचं झाकण फिरवून काढा आणि आतल्या बाजूने बोट फिरवा. पावसाळ्यात तिथे कॉफीच्या फेसासारखा पिवळट, चिकट थर सापडतो. नुसता झाकणाला असेल तर तो साठलेला ओलावा. पुसा आणि गाडी लांब न्या. दरवेळी सापडत असेल तर सहा महिन्यांनी ऑइल बदललेलं बरं. पण डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ झालं असेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर गाडी चालवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा. कूलंट ऑइलमध्ये जात असण्याची शक्यता आहे.

ऑइल गरम इंजिनातून काढायचं, म्हणजे गाळ घेऊन नीट उतरतं. ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तीच, ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० जे काही लिहिलं असेल ते. "जाड टाकू का ताई, इंजिन आवाज करणार नाही" असं गॅरेजवाला म्हणाला तर ठाम नाही म्हणा. फिल्टर गॅरेजमध्ये नसेल तर नाना पेठेत मिळतो, जुन्याचा नंबर घेऊन जा. ऑइल जिथून काढतात त्या खालच्या नटाचा वायसर नवा घालायला सांगा, दहा-वीस रुपयांसाठी गळती कशाला? छोट्या गाडीत साधारण तीन-साडेतीन लिटर ऑइल बसतं. डब्याचं सील तुमच्यासमोर फोडू द्या आणि उरलेलं घरी आणा, टॉप-अपला लागतं. जुनं ऑइल मात्र गॅरेजमध्येच राहू द्या, ते पुनर्वापराला जातं. गटारात अजिबात नको.

चार-सहा महिने मुलाकडे जाणार असाल तर निघण्याआधी बदला. आल्यावर बदलू म्हटलं, तर तेवढे महिने आम्लवालं ऑइल बेअरिंगवर बसून राहतं.

माझा मुहूर्त पावसाळ्याच्या शेवटी असतो. दसऱ्याच्या तोंडावर गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नसते, सगळ्यांना पूजेआधी गाडी हवी असते. मी पितृपक्षातच उरकते. कोणी येत नाही, मेकॅनिक निवांत असतो, आणि नट घट्ट केलाय का हे दोनदा विचारलं तरी चिडत नाही.