डिफेन्स फुटला तर दोष कोचचा की खेळाडूचा, हे कसं ओळखावं

अमेरिकेत सप्टेंबर ते नोव्हेंबरचे शनिवार कॉलेज फुटबॉलचे. अ‍ॅन आर्बर, कोलंबस, ऑस्टिन अशा गावांत शिकायला किंवा नोकरीला गेलेली मराठी मंडळी हळूहळू या खेळात गुंततात, आणि एकदा गुंतली की तो जुना वाद त्यांच्याही वाट्याला येतो. समोरच्या संघानं चाळीस गुण कुटले, तर चूक कोणाची? निम्मे म्हणतात, डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरला, म्हणजे बचावाची योजना आखणाऱ्या कोचला, घरी पाठवा. उरलेले म्हणतात, योजना ठीक होती, पोरांना पकड करता आली नाही. बहुतेक जण नुसता स्कोअर बघून बोलत असतात. मैदानात काय घडलं ते बघून बोलायचं, तर त्याची एक रीत आहे आणि ती कोणालाही जमते.

ज्यांना खेळ नवा आहे त्यांच्यासाठी: दोन्हीकडे अकरा खेळाडू. बॉल असलेल्या संघाला चार डावांत, म्हणजे चार डाउनमध्ये, दहा यार्ड पुढे जायचं असतं. बॉल मागे देऊन डाव सुरू होतो तो स्नॅप, आणि असा एक डाव म्हणजे एक प्ले. पास टाकतो तो क्वार्टरबॅक, झेलतो तो रिसीव्हर. बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाउन. डिफेन्सनं त्यांना अडवायचं. पुढच्या फळीत लाइनमन, त्यांच्या मागे लाइनबॅकर, बाजूंना कॉर्नरबॅक आणि सगळ्यात मागे सेफ्टी.

पायरी १: बॉल सुटण्याआधी बघायला लागा

सुरुवातीला बॉलवरून नजर काढणं जड जातं. तरी प्रत्येक स्नॅपच्या आधी दोन गोष्टी पाहून ठेवा. सेफ्टी किती आणि किती खोल उभे आहेत? आणि डिफेन्सचे खेळाडू एकमेकांना हात करून काही सांगताहेत का, बाजूच्या रेषेकडे, जिथे कोच उभे असतात, माना वळवताहेत का?

२०२४ च्या हंगामापासून वरच्या श्रेणीतल्या संघांना डिफेन्सच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ वापरता येतो. कोचचा आवाज त्याच्या कानात जातो, पण पुढचा प्ले सुरू करायला मिळणाऱ्या वेळेच्या घड्याळात (प्ले क्लॉकमध्ये) १५ सेकंद उरले की तो बंद होतो. त्याआधी सगळं हातवाऱ्यांवर आणि फलकांवर चालायचं. आक्रमक संघ घाईघाईनं रांग लावतो तो हा निरोप अर्धवट राहावा म्हणूनच. स्नॅपच्या क्षणी तीन जण अजून एकमेकांकडे बघत असतील, तर पुढे जे होईल त्याचा मोठा वाटा बाजूच्या रेषेवरचा आहे असं धरा. एखाद्या वेळी असं होणारच. समोरच्याकडे बॉल आला की दर वेळी होत असेल, तर योजना त्या पोरांना झेपण्यापलीकडे गुंतागुंतीची झाली आहे. कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएच्या नियमानं हंगामात आठवड्याला २० तासच सराव घेता येतो. एवढ्या वेळात काय शिकवायचं आणि काय सोडून द्यायचं, हे ठरवणं कोचचंच काम.

टीव्हीवर सेफ्टी बहुधा चौकटीबाहेर असतात. म्हणून गोलामागच्या कॅमेऱ्यातून दाखवलेला रिप्ले सोडू नका. कोणी कोणती फट सोडली हे तिथेच स्पष्ट दिसतं.

पायरी २: मोठा प्ले झाला की तीन प्रश्न विचारा

जागेवर माणूस होता का? होता तर त्याचं काय झालं? आणि त्याच्या मागे कोण होतं?

बहुतेक लोक दुसऱ्या प्रश्नावर थांबतात. तिसरा विचारल्याशिवाय निकाल देऊ नये, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

२६ नोव्हेंबर २०२२ चा मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट सामना घ्या. कोलंबसचं मैदान, दुसरा क्वार्टर. मिशिगनचा लांबचा तिसरा डाउन होता आणि तोवर त्यांचं आक्रमण अडखळतच चाललं होतं. ओहायो स्टेटचे कोऑर्डिनेटर जिम नोल्स यांनी जास्तीची माणसं क्वार्टरबॅकवर सोडली आणि मागे खोलवर कोणालाच ठेवलं नाही. पास छोटाच होता. कॉर्नरबॅक रिसीव्हरपर्यंत पोचला, पण पकड निसटली, आणि कॉर्नेलियस जॉन्सन ६९ यार्ड धावत शेवटपर्यंत गेला. वाटेत अडवायला एकही माणूस नव्हता.

जागेवर माणूस होता, हो. त्याची पकड हुकली, हेही खरं. पण एक पकड हुकली की थेट टचडाउन, असा जुगार त्या पोरानं लावला नव्हता. मागे एक सेफ्टी असता तर कदाचित पंधरा-वीस यार्डांवर भागलं असतं. त्या दिवशी मिशिगननं पुढे ७५ आणि ४५ यार्डांचे पास आणि चौथ्या क्वार्टरमध्ये ७५ आणि ८५ यार्डांच्या धावा करून टचडाउन केले. मध्यंतराला ओहायो स्टेट २०-१७ नं पुढे होतं, शेवट ४५-२३ असा मिशिगनच्या बाजूनं झाला. एवढे लांब प्ले एकाच सामन्यात झाले, की चुका खेळाडूंच्या असल्या तरी त्या चुकांची किंमत इतकी चढवून ठेवली कोणी, हे विचारावंच लागतं.

कबड्डी पाहणाऱ्याला हे पटकन कळेल. कोपरारक्षकानं घोट्यावर झेप घेतली आणि चढाईपटू निसटला, तर आपण आधी बघतो की साखळीतला दुसरा गडी आधाराला आला का. आलाच नाही, तर तो का आला नाही? विसरला, की त्याला यायला सांगितलंच नव्हतं?

पायरी ३: तीच चूक पुन्हा होते का, ते मोजा

एका कागदावर दोन रकाने करा. एकात एकदाच झालेल्या चुका लिहा, दुसऱ्यात परत परत झालेल्या. पहिल्या रकान्यातलं बरंचसं खेळाडूंच्या खात्यावर जातं. दुसऱ्यातलं, आणि विशेषतः वेगवेगळ्या खेळाडूंनी केलेली एकच चूक, कोचच्या.

सप्टेंबर २०२१ मध्ये ओरेगननं ओहायो स्टेटला त्यांच्याच मैदानावर ३५-२८ असं हरवलं. कॉलेजच्या मैदानावरच्या आतल्या खुणा एकमेकींपासून ४० फुटांवर असतात, त्यामुळे बॉल एका खुणेवर असला की एका बाजूला ६० फूट आणि दुसऱ्या बाजूला १०० फूट जागा उरते. ओरेगन अरुंद बाजूला धाव काढत राहिलं, तीही जवळजवळ त्याच पद्धतीनं, आणि सी. जे. व्हर्डेल १६१ यार्ड धावला. पहिल्या वेळी फसणं समजू शकतं. पण दुपारभर तीच धाव यशस्वी होत राहते, तेव्हा बदल करायचा होता तो खेळाडूंनी नव्हे. त्यानंतर प्ले ठरवण्याची जबाबदारी कोऑर्डिनेटरकडून काढून घेतली गेली.

याहून बोलकी जोडी २०२० ची. एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट, तेव्हा आदल्या हंगामाचे विजेते. २६ सप्टेंबरला त्यांच्या गावी, बॅटन रूजला, मिसिसिपी स्टेट आलं. त्यांचे कोच माइक लीच, म्हणजे सतत पास करणारं एअर रेड आक्रमण. एलएसयूचे कोऑर्डिनेटर बो पेलिनी यांच्या डिफेन्सनं माणसाला माणूस लावून खेळायचं धरलं. अशा डिफेन्ससमोर आडवे पळणारे रिसीव्हर एकमेकांना ओलांडून जातात, आणि त्यांच्यामागे धावणारा बचावपटू त्या गर्दीत अडकतो. मिसिसिपी स्टेटचा क्वार्टरबॅक के. जे. कॉस्टेलोनं ६२३ यार्ड पास केले, एसईसीचा, म्हणजे हे संघ ज्या गटात खेळतात त्या गटाचा, विक्रम. निकाल ४४-३४, मिसिसिपी स्टेटच्या बाजूनं.

पुढच्याच शनिवारी तेच मिसिसिपी स्टेट अर्कान्सासशी खेळलं. अर्कान्सासनं त्याआधी एसईसीमध्ये सलग २० सामने हरले होते. त्यांचे कोऑर्डिनेटर बॅरी ओडम यांनी तीनच माणसं पुढे पाठवली आणि आठ जण मागे जागा धरून उभे केले. कॉस्टेलोचे तीन पास विरुद्ध संघाच्या हातात गेले आणि अर्कान्सास २१-१४ नं जिंकलं. कागदावर एलएसयूची पोरं नक्कीच सरस होती.

आता न्यायानं दुसरी बाजूही मांडली पाहिजे. एलएसयूचे १४ खेळाडू त्याच वसंतात एनएफएल या व्यावसायिक लीगनं निवडून नेले होते, कोविडमुळे वसंतातला सराव बुडाला होता, आणि त्यांचा सर्वोत्तम कॉर्नरबॅक डेरेक स्टिंगली आजारी असल्यानं त्या सामन्यात नव्हता. पण हे सगळं कोऑर्डिनेटरला सामन्याआधी माहीत होतं. नवी पोरं हाताशी असताना सगळ्यात कठीण काम त्यांना द्यायचं, हा निर्णय त्यांचा.

पायरी ४: गुणांपेक्षा प्रत्येक प्लेमागचे यार्ड बघा

आपल्याच आक्रमणानं बॉल स्वतःच्या २० यार्डांच्या रेषेवर गमावला, तर समोरच्याचे सात गुण डिफेन्सच्या माथी मारू नयेत. एकूण यार्डही फसवतात, कारण जलद खेळणाऱ्या संघांच्या सामन्यांत प्ले जास्त होतात. दर प्लेमागे किती यार्ड दिले आणि २० यार्डांहून लांबचे प्ले किती झाले, एवढे दोन आकडे पुरेत.

पायरी ५: हुकलेल्या पकडींची वर्गवारी करा

दोष देण्याची घाई सगळ्यात जास्त इथे होते. रिप्लेमध्ये बचावपटूची मान बघा. मान खाली घालून, नजर जमिनीकडे, नुसतं अंग झोकून दिलं असेल तर तंत्र कच्चं आहे. एकाच खेळाडूचं तसं असेल तर त्याचं. चार-पाच जणांचं असेल, तर पकडीचा सराव पुरेसा घेतला गेलेला नाही.

मग त्याचा कोन बघा. पळणाऱ्याला आत, मदत आहे त्या बाजूला वळवायचं असतं. बाहेरची बाजू मोकळी सोडली तर त्यानं सांगितलेलं काम केलं नाही. आणि सगळं बरोबर करूनही समोरचा निसटला असेल, तर तो खेळाडू सरस होता. तिथे दोष शोधू नका, दाद द्या.

पायरी ६: तीच पोरं, कोच वेगळा, अशी उदाहरणं शोधा

मिशिगननं २०१० मध्ये सामन्यामागे ३५.२ गुण दिले, त्यांच्या इतिहासातला तो सगळ्यात वाईट डिफेन्स. पुढच्या वर्षी ब्रेडी होक आले, त्यांनी एनएफएलच्या बाल्टिमोर रेव्हन्समधून ग्रेग मॅटिसन यांना आणलं, आणि बहुतांशी त्याच खेळाडूंना घेऊन हा आकडा १७.४ वर आला. पोरं वर्षानं मोठी झाली होती, हे मान्य. पण वर्षभराच्या वाढीनं आकडा निम्मा होत नाही.

उलट उदाहरण म्हणून लोक जॉर्जियाकडे बोट दाखवतात. २०२१ च्या त्यांच्या डिफेन्समधले पाच जण एनएफएलच्या खेळाडू-निवडीच्या पहिल्या फेरीत गेले, त्यातला ट्रॅव्हॉन वॉकर अगदी पहिला. अशी पोरं असली की कोणीही जिंकेल, असं म्हणतात. पण पुढच्या हंगामात ते पाच नसतानाही जॉर्जिया एकही सामना न हरता पुन्हा विजेते झाले. शिवाय कॉलेजमध्ये खेळाडू आयते वाटून मिळत नाहीत. जॉर्जियाचे कोच कर्बी स्मार्ट आणि त्यांचे सहकारी शाळाशाळांतून हिंडून, घरी जाऊन, आईवडिलांशी बोलून ही पोरं आणतात. म्हणजे ‘खेळाडूच कमी पडले’ हे वाक्यसुद्धा अर्धं कोचबद्दलच असतं, आणि ती पोरं १८ ते २२ वर्षांची विद्यार्थी आहेत हे मनात ठेवून ते उच्चारावं. एका निसटलेल्या पकडीवरून एखाद्याचं नाव घेऊन त्याला झोडपणं मला मुळीच पटत नाही.

पायरी ७: निकाल लांबणीवर टाका

निदान हंगामभर तुमचा कागद जपून ठेवा. २०२२ च्या त्या ४५-२३ नंतर कोलंबसमध्ये अनेकांनी नोल्स यांचा हिशेब मिटवून टाकला होता. ओहायो स्टेटनं मात्र त्यांना ठेवलं. त्यांनी मागे माणसं राखून खेळायला सुरुवात केली, आणि २०२४ मध्ये त्यांच्या डिफेन्सनं सामन्यामागे १२.९ गुणच दिले. २० जानेवारी २०२५ ला नोत्र दामला ३४-२३ हरवून ओहायो स्टेट विजेते ठरले. त्याच डिफेन्समध्ये जॅक सॉयरसारखे चौथ्या वर्षाचे खेळाडू होते, जे एनएफएलला जाऊ शकत असताना थांबले होते, आणि अलाबामातून आलेला सेफ्टी केलेब डाउन्सही होता. त्या १२.९ मधले किती नोल्स यांचे आणि किती या पोरांचे, हे वरच्या सहा पायऱ्या लावून त्या हंगामातल्या एखाद्या सामन्यावर तपासून बघा. सुरुवातीला पहिले दोन क्वार्टर पुरेत.