निजामकाळातलं आपलं घर शोधायला निघण्याआधी

पणजोबांचं नाव जुन्या जनगणनेत सापडेल या आशेने निघणार असाल, तर एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. निजामाच्या राज्यात १८८१ पासून दर दहा वर्षांनी शिरगणती झाली, तिचे छापील अहवाल मिळतात. पण त्यांत गावातल्या माणसांची नावं नाहीत, आकडे आहेत. पुढच्या गणनांचे मूळ कागद १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ मुळे कुणालाच पाहता येत नाहीत. नावं हवी असतील तर वहीच्या पहिल्या पानावर हे लिहा: १९५१ ची राष्ट्रीय नोंदवही, खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक (जमीन-पिकांच्या नोंदी), कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी), शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर. १९५१ च्या शिरगणतीतली नावं या राष्ट्रीय नोंदवहीत उतरवली होती, म्हणून तिच्यापासून सुरुवात करा.

मग गाव. आजचा जिल्हा सांगून भागत नाही. जालना १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. उदगीर, निलंगा, अहमदपूर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. अंबाजोगाईचं दप्तर मोमिनाबाद नावाने शोधावं लागतं, आणि इंग्रजी अहवालांत बीड ‘भीर’ होऊन बसलेलं असतं.

घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ निवांत बसा. आजोबांच्या भावांची नावं, आत्या कुठं दिल्या, शेताला काय म्हणायचे, सगळं विचारा. हे आधी करा, कारण कचेरी उद्याही उघडी असेल.

जुन्या कागदावर आडनाव बहुतेक वेळा नसतंच. ‘मारुती वल्द विठोबा’, म्हणजे विठोबाचा मुलगा मारुती, एवढंच लिहिलेलं असतं, म्हणून बापाचं नाव ठाऊक नसेल तर एकाच गावातल्या चार मारुतींत आपला कोणता ते कळत नाही. बाईच्या नावापुढे ‘जौजे’ म्हणजे अमक्याची बायको, ‘बेवा’ म्हणजे विधवा. बायकांची नावं मुद्दाम शोधा. वंशावळीत त्यांना क्वचितच जागा मिळते.

तारखा फसलीत, म्हणजे निजामाच्या महसुली सनात असतात. इसवी सन काढायला त्यात ५९० मिळवा. वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून जानेवारीपासूनच्या तारखेला ५९१. खुर्दाद १३४० म्हणजे १९३१ चा एप्रिल-मे. बारा फसली महिन्यांचा तक्ता जवळ असू द्या.

दप्तर उर्दूत, काही मोडीत. वाचणारा माणूस आधी ठरवा. घाईत लिहिलेल्या उर्दूत नुक्ते (अक्षरांचे ठिपके) गळतात आणि ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत, त्यामुळे नाव ओळखायला उर्दू येणारा आणि गावची नावं जाणणारा असे दोघं शेजारी बसलेले बरे.

चौकशी तहसीलच्या अभिलेख कक्षात, नंतर छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेख कार्यालयात. निजाम सरकारचे वरचे कागद हैदराबादला तारनाक्याच्या पुराभिलेखागारात आहेत. ओळखपत्र, भिंग, पेन्सिल, नकलेचा अर्ज सोबत हवा. जमिनीवरून शोधत असाल तर आजचा गट नंबर नेऊ नका, जुना सर्वे नंबर न्या. दोन्हींचा मेळ भूमी अभिलेख कार्यालयाच्या ९(३) ९(४) या एकत्रीकरण योजनेच्या उताऱ्यात बसतो.

नक्कल मागताना मागचं-पुढचं पानही मागा. भावकीची घरं शेजारीशेजारी असतात, आणि ज्या चुलत पणजोबांचं नाव घरात कुणालाच आठवत नाही ते बऱ्याचदा तिथंच निघतात.