फॉर्मवर ‘नाही’ लिहिण्याआधी: परचेसमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

परचेसला लागलात की पहिल्याच आठवड्यात आचारसंहितेवर सही घेतात. भेटवस्तूंची मर्यादा, पॉश (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा), तक्रार कुठे करायची हे सगळं ट्रेनिंगमध्ये येतं, त्यात मी शिरत नाही. पैसे खायचे नाहीत हे तुम्हाला कळतंच. मी एक रुपया न घेता अडकलो, फक्त पुरवठादाराशी (व्हेंडरशी) असलेलं नातं लेखी न कळवल्यामुळे, म्हणून लिहितोय.

चाकणच्या एका कारखान्यात मी पॅकेजिंगची खरेदी बघायचो. पाच प्लायच्या कोरुगेटेड बॉक्ससाठी चार कोटेशनं आली, त्यातलं एक माझ्या मावसभावाचं. त्याची भोसरीत शेड आहे. मी त्याला बोलावलं नव्हतं. मी लागायच्या आधीपासून तो व्हेंडर लिस्टवर होता. रेट सगळ्यांत कमी, बॉक्स टेस्टिंगला पास. कंपॅरेटिव्ह, म्हणजे कोटेशनांचा तुलनेचा तक्ता, मी बनवलं, खाली सही माझी. पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, निघाली.

मार्चमध्ये वार्षिक जाहीरनाम्याचा फॉर्म आला. ‘तुमचा कोणी नातेवाईक कंपनीशी व्यवहार करतो का?’ मी नेटवर कायद्यातली व्याख्या शोधली. २०१३ च्या कंपनी कायद्यात आणि त्याखालच्या नियमांत नातेवाईक म्हणजे एकत्र हिंदू कुटुंबातले सदस्य, नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई आणि भाऊ-बहीण. मावसभाऊ त्यात नाही. मी ‘नाही’वर टिक केली. साहेबांना तर टपरीवर चहा घेताना सांगून झालं होतं. ते म्हणाले होते, “रेट कमी आहे ना? मग चालतं.”

आठ महिन्यांनी निनावी तक्रार गेली. मीटिंग रूमच्या टेबलावर चौकशी करणाऱ्यांनी एक फोटो ठेवला. भावाच्याच लग्नातला. मी त्याच्या खांद्यावर हात टाकून उभा, दोघांच्या डोक्याला एकाच रंगाचे फेटे. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, “हे कोण?” तोवर साहेब नोकरी सोडून गेले होते. टपरीवरच्या बोलण्याचा कागद कुठून आणणार?

इथे नीट लक्ष द्या. कायद्यातली ती व्याख्या प्रामुख्याने संचालक आणि वरच्या अधिकाऱ्यांच्या व्यवहारांसाठी आहे. तुमच्यावर तुमच्या कंपनीची पॉलिसी लागू होते आणि ती कायद्यापेक्षा कडक असू शकते. आमच्या पॉलिसीत मागच्या पानावर ‘किंवा ज्याच्याशी निकटचे वैयक्तिक संबंध आहेत’ असे शब्द होते. त्यात मावसभाऊ येतो, कॉलेजचा रूममेट येतो, बायकोच्या भावाचा पार्टनरही येऊ शकतो. रेट सर्वांत कमी असला तरी फरक पडत नाही. नातं असणं हा गुन्हा नव्हताच. नातं लपवून कंपॅरेटिव्हवर सही करणं ही चूक होती. आणि तोंडी सांगितलेलं चौकशीत कोणी धरत नाही. मेल हवा, तारीख हवी.

शो-कॉज (कारणे दाखवा नोटीस) आली, त्या वर्षीचं इन्क्रिमेंट गेलं, फाइलमध्ये पत्र लागलं. घरी आईला सांगताना माझा आवाज फुटत नव्हता, कारण भावाचंही काम बंद झालं होतं आणि त्याची काही चूक नव्हती. नोकरी मात्र राहिली. बिलं, रेट, टेस्ट रिपोर्ट सगळं सरळ होतं, त्यानेच मला वाचवलं. तेव्हा आज हे वाचताना पोटात गोळा आला असेल, एखादा ‘नाही’ आधीच लिहून बसला असाल, तरी घाबरू नका. स्वतःहून दुरुस्ती पाठवणाऱ्याकडे आणि पकडल्या गेलेल्याकडे बघायची नजर वेगळी असते, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलंय.

ट्रेनिंगच्या शेवटच्या टेस्टची उत्तरं व्हॉट्सॲपवर फिरतात. ती घेऊ नका. मी घेतली होती. व्याख्येवरचा प्रश्न त्यात होता आणि मी तो न वाचता बरोबर सोडवला होता. दुसरं, ‘इथे एवढं चालतं’ म्हणणारा सीनियर कितीही मायाळू असो, या बाबतीत त्याला गुरू करू नका. रेट कसा तोडायचा ते त्याच्याकडून जरूर शिका.

आणि साहेबच दबाव टाकत असतील तर? लिस्टेड कंपन्यांना तक्रारीची स्वतंत्र यंत्रणा ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि गरज पडल्यास थेट संचालक मंडळाच्या ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांपर्यंत जाता येतं. तो पत्ता आजच शोधून ठेवा.

मेल मोठा लागत नाही. मी आता असा लिहितो: ‘अमुक व्हेंडरचे मालक माझे मावसभाऊ आहेत. माझा त्यांच्या धंद्यात हिस्सा नाही. या खरेदीतून मला बाजूला ठेवावे.’ साहेबांना आणि एथिक्सच्या (आचारसंहितेचं काम बघणाऱ्यांच्या) पत्त्यावर, दोन्हीकडे, कोटेशन उघडण्याआधी. गेल्या वर्षी एका वर्गमित्राच्या फर्मबद्दल असाच पाठवला. दोन दिवसांत उत्तर आलं, फाइल शेजारच्या टेबलावर गेली, आणि ती ऑर्डर त्या मित्रालाच मिळाली.