परंपरेवर काम करायचंय? आधी संगीत बारीत जाऊन बसा

कथक शिकून झालंय, समकालीन नृत्याच्या कार्यशाळा केल्यात आणि आता 'आपल्या मातीतलं' काहीतरी करायचंय, असं म्हणणारी बरीच मुलंमुली भेटतात. लावणी आणि कथक एकत्र कसं बांधू, हा त्यांचा पहिला प्रश्न. तो नंतरचा. लावणीशी आपलं नातं काय, हे आधी तपासा.

मी पुण्यात पेठेत वाढले. कथक नृत्यांगना रोहिणीताई भाटे आणि १९४७ साली त्यांनी सुरू केलेली कथकची संस्था नृत्यभारती, ही नावं घरात आदराने घेतली जायची. आर्यभूषण थिएटर चालत जाण्याच्या अंतरावर, पण तिथली लावणी बघायला आमच्यातली एकही बाई गेली नव्हती. एकाच शहरातल्या या दोन नाचांच्या मध्ये जात आणि प्रतिष्ठा उभी आहे. कोल्हाटी, डोंबारी अशा समाजांतल्या बायकांनी बदनामी सोसून जी कला टिकवली, तिला मी 'माझा वारसा' कोणत्या हक्काने म्हणायचं? माझं सगळं काम याच प्रश्नातून उभं राहिलं.

म्हणून सांगते, पुण्याजवळ चौफुल्याच्या कलाकेंद्रात संगीत बारी, म्हणजे लावणी करणाऱ्या बायकांचा फड, असते; तिथे जा आणि नुसतं बघा. बैठकीची लावणी करणाऱ्या एका मावशींपुढे मी बसले होते. एकच ओळ त्या परत परत गात होत्या. आधी लटका राग, मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत आर्जव, मग हात मांडीवर स्थिर आणि फक्त भुवई. ठुमरीवर बसून भाव करायला आम्हीही शिकतो, त्यामुळे ओळख पटली. पण समोरच्या माणसाची नजर बघून पुढची अदा त्याच क्षणी ठरवणं, हे मला कुठल्याच वर्गात मिळालं नव्हतं. ज्येष्ठ लावणी गायिका यमुनाबाई वाईकरांची ध्वनिमुद्रणंही जरूर ऐका.

माझ्या प्रयोगात नाचाबरोबर अशा मावशींच्या मुलाखतींचे आवाज आणि चित्रफिती असतात. मुलाखत घेताना परवानगी घ्याच, पण प्रयोगात वापरण्याआधी तो तुकडा त्या बाईंना ऐकवून पुन्हा विचारा. मुलांच्या शाळेत कळेल म्हणून नाव नको, असं कुणी म्हणालं तर तो तुकडा कितीही सुंदर असो, काढून टाका.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. एका शैलीत पक्की तालीम हवीच. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्य, संगीत आणि नाट्य शेजारीशेजारी शिकवलं जातं, त्यामुळे इतर माध्यमांची भीती जाते.

पैशासाठी केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती (ज्युनिअर फेलोशिप) बघा. ती २५ ते ४० वयोगटासाठी असते. कलेसाठी अनुदान देणाऱ्या बेंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे मराठीतूनही अर्ज करता येतो. अंदाजपत्रकात मावशींची बिदागी, ढोलकीवाल्याचे पैसे आणि त्यांचा प्रवासखर्च सगळ्यात वर लिहा. जाहिरातीत त्यांचं नाव तुमच्या नावाशेजारी, त्याच आकारात छापा. 'विशेष आभार'मध्ये नको.