सर्व्हिस सेंटर शंभर किलोमीटरवर असताना इलेक्ट्रिक गाडी कशी सांभाळावी

आडगावी इलेक्ट्रिक गाडी अडली की लोकांना आधी मोठ्या बॅटरीची शंका येते. प्रत्यक्षात अनेकदा दोष निघतो घरच्या अर्थिंगमध्ये किंवा १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीत. हे दोन्ही गावातच दुरुस्त होतं.

आधी अर्थिंग. वायरमनकडून चार्जिंगच्या सॉकेटवर मल्टिमीटर लावून घ्या. फेज-न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास हवं, फेज-अर्थ जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ शक्यतो ३ व्होल्टच्या आत. हा शेवटचा आकडा चढला की बरेच चार्जर लाल दिवा दाखवून अडून बसतात. कोकणात जांभ्यावर उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल गेली की हे होतं. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पुन्हा मोजा. फरक पडला नाही तर नवं अर्थिंग करा. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. लाल दिवा जातो खरा, पण मागे न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरतो. हे कुणालाही करू देऊ नका.

मग वायर. ३.३ किलोवॉटचा चार्जर तासन्‌तास सुमारे १४ अँपिअर ओढतो. मीटरपासून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र लाइन, २० अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट ओढला की लाइन तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) घ्या. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. चटका बसला तर चार्जिंग थांबवा आणि सॉकेट बदला. ढिल्या सॉकेटमुळेच प्लग वितळतो.

छोटी बॅटरी मेली की मोठी ८० टक्के भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. गाडी काही तास बंद राहिल्यावर १२.६ व्होल्ट दिसले तर ठीक; १२.२ च्या खाली गेले की चार्ज करा. जंपर केबल (दुसऱ्या गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून करंट घ्यायची वायर) आणि मॅन्युअल गाडीत ठेवा, रिमोटमधल्या किल्लीने दार उघडायची सवय करा. मोठ्या बॅटरीच्या उच्च दाबाच्या नारिंगी केबलला मात्र हात लावायचा नाही.

गाडी न्यायची वेळ आली तर फ्लॅटबेडच मागवा. मोटरची चाकं रस्त्यावर ठेवून ओढली तर मोटर वीज तयार करते आणि इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं. पंक्चरवाल्याला जॅकची खूण स्वतः दाखवा, कारण मधोमध जॅक लावला तर तो थेट बॅटरीच्या खोक्यावर टेकतो.